भवानीपूर ते शिबपूर : मुली नऊ

मिरजेला परत आल्यापासून महिला मंडळाने मला दोनदा बोलायला बोलावलं. विषय दोन्ही वेळा 'कलकत्त्यातील माझे अनुभव' हाच होता, आणि दोन्ही वेळा बायकांना कालीमाता, रसगुल्ले आणि जादूटोणा यांपलीकडे काही ऐकायचं नव्हतं. कालीमातेचं दर्शन जाईल त्याला घडतं, रसगुल्ला आता इथेही मिळतो आणि जादूटोणा मला अकरा वर्षांत कुणी शिकवला नाही. मी कलकत्त्यात जो खराखुरा प्रवास केला, तो शाळेच्या मुलींचा खो-खोचा संघ सामन्याला नेण्याचा आणि परत आणण्याचा. सगळं मिळून अंतर फार तर वीस मैल. हिमालयात जाऊन आलेल्यांनी हसू नये. त्यांना बरोबर दुसऱ्यांच्या मुली न्यायच्या नसतात.

यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत, खिदिरपूरच्या गोदीत. मी भवानीपूरच्या एका मुलींच्या शाळेत हिंदी आणि शिवण शिकवायची. सत्तरच्या दशकातली ती शेवटची वर्षं. एकदा मधल्या सुट्टीत चहा पिताना, लहानपणी मी मिरजेत खो-खो खेळायची असं माझ्या तोंडून निघून गेलं. फुटबॉलचा विषय निघाला की बंगाली माणूस जेवायचं विसरतो, पण खो-खोबद्दल बोलणारी मी त्या शिक्षकांच्या खोलीत पहिलीच असावी. मुख्याध्यापिकाबाईंनी, ज्यांना सगळी शाळा बडदी म्हणायची, दुसऱ्या दिवशी माझ्या हातात शिट्टी ठेवली. शाळेला स्वतःची गाडी नव्हती, त्यामुळे संघाची ने-आण करायचं कामही शिट्टीबरोबरच आलं.

संघात बारा मुली, त्यांतली एक माझी. आम्ही कलकत्त्याला गेलो तेव्हा वसू दोन वर्षांची होती, आता तेरा पूर्ण. घरात मराठी बोलायची, पण झोपेत बडबडली तर बांगला. शाळेत ती मला इतर मुलींसारखंच 'दिदी' म्हणायची. हा नियम माझा. बाई आपल्याच मुलीला पुढे करते असं कुणी म्हणू नये म्हणून मी तिला दहावी ठेवली होती. खो-खोत खेळतात नऊ; दहावी इतरांच्या चपला सांभाळते. वसूने कधी कुरकूर केली नाही आणि मला त्याचं समाधान वाटायचं. आता ते आठवलं की बरं वाटत नाही.

मोजण्याची माझी एक पद्धत होती, ती इथेच सांगून ठेवते. ट्राममध्ये चढताना, उतरताना, रस्ता ओलांडल्यावर मी दुसऱ्यांच्या मुली एकेक करून मोजायची आणि शेवटी स्वतःची एक मिळवायची. आपली काय, ती असणारच.

पहिला शनिवार : खिदिरपूर

आम्हाला फाटकापर्यंत पोचवायला खांतोमाशी आली होती. ही शाळेची आया. तिचं वय विचारायची कुणाची छाती नव्हती. शाळेत परीक्षेचा निकाल बडदी लावायच्या आणि शुभ-अशुभाचा खांतोमाशी. मुली फाटकातून बाहेर पडून पंधरा-वीस पावलं गेल्या असतील, तेवढ्यात मला आठवलं आणि मी मागून हाक मारली, "मिठू, शिट्टी घेतलीस का?"

मिठू आमची कप्तान. ती जागच्या जागी थांबली. तिच्यामागे सगळ्याच थांबल्या आणि माझ्याकडे अशा बघू लागल्या, जणू मी भर रस्त्यात काहीतरी अभद्र बोलले होते.

आपल्याकडे बाहेर निघालेल्याला 'कुठे' म्हणून विचारत नाहीत आणि निघणारा 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतो. बंगालीही 'येतो'च म्हणतात. इथपर्यंत आपलं त्यांचं जमतं. पण निघालेल्याला मागून हाक मारली, की तिकडे काम बिघडलंच म्हणून समजायचं. त्याला उतारा एकच. परत फिरायचं, खाली बसायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि पुन्हा पहिल्यापासून निघायचं. मुली मुकाट्याने परत आल्या आणि व्हरांड्यात ओळीने बसू लागल्या.

खांतोमाशीने वसूला मात्र अडवलं. "तू का बसतेस? मायेर डाके दोष नेई." म्हणजे आईने मागून हाक मारली तर दोष लागत नाही, उलट ते चांगलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पण दिदी, तुम्ही आई एकीच्याच. बाकीच्या अकराजणींना बसावं लागेल."

निकाल कायद्याला धरून होता. अकराजणी बसल्या, वसू एकटी उभी. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ओळीच्या शेवटी जाऊन बाराव्या जागी बसली. पेला एकच होता. बाराजणींचं पाणी पिऊन होईपर्यंत आमची ट्राम गेली होती.

पुढची ट्राम आली तेव्हा तिच्यात आधीच अर्धं भवानीपूर होतं. खिदिरपूरला उतरून मैदानाकडे चालत निघालो तर वाटेतला पूल बाजूला फिरवलेला. गोदीत जाणाऱ्या बोटीला वाट देण्यासाठी तिथे पूलच सरकवतात, आणि दोन्ही बाजूंची माणसं, बैलगाड्या, हातरिक्षा मुकाट उभ्या राहतात. आमच्या समोरून एक तीन मजली बोट संथपणे आडवी गेली. मांजर आडवं गेलं तर काय करायचं हे मुलींना ठाऊक होतं. बोट आडवी गेली तर काय, याबद्दल खांतोमाशीने काहीच सांगून ठेवलेलं नव्हतं. मिठूने थोडा विचार केला आणि काही करायची गरज नाही असं ठरवलं.

आम्ही पाऊण तास उशिरा पोचलो. समोरच्या संघाच्या बाई मोठ्या मनाच्या. त्यांनी सामना सोडून दिला नाही, पण वाट बघता बघता आपल्या मुलींना घुगनी खाऊ घातली. घुगनी म्हणजे वाटाण्याची घट्ट उसळ, वरून कच्चा कांदा, मिरची आणि खोबऱ्याचे काप. एका द्रोणावर कुणी थांबत नाही. त्या मुलीही थांबल्या नव्हत्या, आणि खो मिळाल्यावर त्यांच्याने जागेवरून उठवेना. आम्ही जिंकलो. सामन्यानंतर आम्हीही घुगनी खाल्ली आणि मग आम्हाला त्यांची अडचण कळली.

सोमवारी बडदींनी मला बोलावून घेतलं. पुढच्या वेळी वाट बघणारं कुणी भेटेलच असं नाही, असं त्या शांतपणे म्हणाल्या. मला लागलं. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर मी सगळ्या शाळेसमोर जाहीर केलं, की संघ सामन्याला निघाला आणि पाऊल फाटकाबाहेर पडलं, की मागून कुणीही, कुणालाही, कसल्याही कारणासाठी हाक मारायची नाही. मागे उभी राहून खांतोमाशी मान डोलावत होती. अकरा वर्षांत तिला माझं पटलं ते एवढंच.

दुसरा शनिवार : मैदान

याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. एस्प्लनेडच्या अलीकडचं मोठं मैदान, घरापासून ट्रामने सरळ रस्ता. फक्त तो रस्ता तेव्हा जमिनीखालून रेल्वे न्यायची म्हणून खणून ठेवला होता. ट्रामपेक्षा चालत गेलेलं बरं म्हणून आम्ही मातीच्या ढिगांवरून आणि फळ्यांवरून चालत गेलो. मागून कुणी हाक मारली नाही. एका मुलीची एक चप्पल खड्ड्यात पडली, तीही ती काही न बोलता तशीच सोडून आली. आम्ही वेळेवर पोचलो आणि जिंकलो. वसूने अकरा जोड आणि एक चप्पल सांभाळली.

तिसरा शनिवार : हावडा

अंतिम सामना नदीपलीकडे, हावड्यातल्या शिबपूरला. दुपारी दोनची वेळ. अडीचपर्यंत संघाने हजेरी दिली नाही तर समोरचा संघ विजयी, असं या वेळी कागदावरच लिहून आलं होतं.

त्या आठवड्यात भवानीपुरात गालगुंडाची साथ आली. बारातल्या तिघी घरी बसल्या आणि बरोबर नऊ उरल्या. म्हणजे वसू खेळणार. तिची निवड मी केली असं म्हणता येणार नाही, गालगुंडाने केली. शुक्रवारी घरी ती दोरीवर वाळत घातलेला पांढरा फ्रॉक सुकला का हे बघायला पाच वेळा गॅलरीत गेली. बाबांनी विचारलं, "काय गं, उद्या काय आहे?" तर म्हणाली, "काही नाही, खेला आहे." मला त्या रात्री प्रथम कळलं की या पोरीला खेळायचं होतं.

नऊ मुली पूल ओलांडून न्यायच्या म्हणून बडदींनी ओळखीतल्या एका मंडपवाल्याची छोटी लॉरी मागवली. ड्रायव्हरचं नाव निताई. लॉरीत मागे लग्नाच्या घड्या घालायच्या खुर्च्या होत्या. निताईने त्यांतल्या नऊ मांडून ओळी केल्या, म्हणजे मुली व्याख्यानाला बसल्यासारख्या बसतील. पुढे त्याच्याशेजारी मी.

निघण्याआधी खांतोमाशीने सगळ्यांच्या कपाळाला दह्याचा टिळा लावला. तिकडे दही कपाळावर, आपल्याकडे हातावर. मला राहवलं नाही. वसूला मी हळूच जिन्याखाली बोलावलं आणि तिच्या तळहातावर दही-साखर ठेवली. शाळेच्या आवारात तिच्यासाठी वेगळं असं काही मी आजवर केलं नव्हतं. तिने चाटून खाल्लं, हात माझ्यापुढे धरला आणि दबक्या आवाजात म्हणाली, "चिकट झाला." मी म्हटलं, "नळावर धुऊन घे," आणि लॉरीकडे गेले.

मी मागे डोकावून मोजलं. आठ. त्यात माझी एक मिळवली. नऊ. पुढे चढून निताईला म्हटलं, चला.

फाटकावर त्या वेळी खांतोमाशी होती, दरवान होता, आठवी-नववीच्या पंचवीसएक मुली होत्या. लॉरी सुटली तेव्हा सगळ्या अगदी गप्प उभ्या होत्या. किती शिस्त लावली आहे मी, असं माझ्या मनात आलं.

हावड्याचा पूल चित्रात पाहिला असेल. चित्रात दिसत नाही ते सांगते. त्याच्या खालून नदी वाहते, वरून काही वाहत नाही. बसवर बस, ट्राममागे ट्राम, डोक्यावर कोबीची टोपली घेतलेला हमाल, हातगाडीवर लोखंडाच्या सळ्या, आणि या सगळ्यांच्या मधे एक नवरदेव, मोटारीत, टोपर म्हणजे लग्नाचा पांढरा निमुळता मुकुट घालून झोपलेला. आमची लॉरी पुलाच्या मध्यापर्यंत गेली आणि उभी राहिली. पाव तास झाला, अर्धा तास झाला. निताईने इंजिन बंद केलं आणि विडी पेटवली.

मुलींना भूक लागली असेल म्हणून मी संत्र्यांची पिशवी घेऊन मागे चढले. हिवाळ्यात तिकडे दार्जिलिंगची संत्री येतात. सालीला हात लावला की सुटते, आणि नागपुरीचा अभिमान असलेल्या माणसालाही दुसरं खावंसं वाटतं. नऊ आणली होती. एकेकीच्या हातात देत गेले. पिशवीत एक उरलं.

"कुणी घेतलं नाही?" मी विचारलं.

"सगळ्यांनी घेतलं," मिठू म्हणाली. "ते वसूचं. पुढे नेऊन द्या तिला."

नववी खुर्ची रिकामी होती. त्यांना वाटलं होतं, वसू पुढे आईजवळ बसली आहे. मला वाटलं होतं, मागे मैत्रिणींत बसली आहे. मी त्या खुर्चीवर बसले.

निताई खाली उतरून आला. त्याला सांगितल्यावर तो म्हणाला, "हो, निघताना आरशात एक मुलगी दिसली खरी. फाटकात उभी राहून ओला हात हलवत होती. मला वाटलं, टाटा करतेय."

परत फिरता येईल का, मी विचारलं. त्याने नुसतं मागे पाहिलं. मीही पाहिलं. मागे कलकत्त्यापर्यंत बसच बस होत्या. मी एकटी उतरून चालत परत जाऊ शकले असते. तेवढं मला दिसत होतं. पण मग आठ मुली पुलावर, एका ड्रायव्हरच्या भरवशावर. मला जायचं होतं. मी गेले नाही. आयुष्यात इतकं वाईट मला क्वचित वाटलं आहे, आणि बरोबर वागत असल्याचा त्यात काडीचा उपयोग झाला नाही.

मुली संत्री हातात धरून बसल्या होत्या, सोलत नव्हत्या. मिठू म्हणाली, "दिदी, ती शाळेतच असेल. खांतोमाशी आहे ना." थोड्या वेळाने तीच म्हणाली, "आठजणींना खेळू देतात का?" मी म्हटलं, माहीत नाही. अडीच तर पुलावरच वाजले. म्हणजे सामना गेला होता. मला सामन्याचं काही वाटेना. मैदानाजवळ फोन कुठे असेल, शाळेचा नंबर पाठ आहे ना, एवढंच मी मनाशी घोकत होते.

सव्वातीनला शिबपूरला पोचलो. मैदानाच्या कडेला माणसं जमली होती. मधे चुन्याने आखलेलं खो-खोचं अंगण, दोन्ही टोकांना खांब. आखलेल्या आठ चौकोनांपैकी पहिल्यात एक मुलगी एकटीच बसली होती, खो मिळायच्या तयारीत बसतात तशी, टाचा उचलून, पाठ ताठ. अंगात पांढरा फ्रॉक.

कानटोपी घातलेले वयस्क पंच माझ्याकडे आले. हातात नियमांचं पुस्तक होतं. ते बांगलात म्हणाले, "तुमचा संघ दोनच्या आधीच आला. एकटाच आला. मी पुस्तक दोनदा वाचलं. संघाने हजेरी द्यावी असं लिहिलं आहे, किती जणींनी द्यावी ते लिहिलेलं नाही. मी तिला म्हटलं, सावलीत बस. ती म्हणाली, उठले तर संघ गेला असं तुम्ही म्हणाल."

वसूने ट्रामने एस्प्लनेड गाठलं होतं. तिथून चालत नदीवरचा घाट, आणि घाटावरून लाँचने पलीकडे. बाबा तिला रविवारी त्या लाँचने फिरवून आणायचे. मला ते कधी कळलं नव्हतं, कारण रविवारी मी वह्या तपासायची. आम्ही पुलावर संत्री मोजत होतो तेव्हा ती आमच्या खालूनच कुठेतरी नदी पार करून गेली असणार.

मी तिच्यापाशी जाऊन उभी राहिले. विचारलं, "लॉरी निघताना दिसली होती ना तुला? मग ओरडली का नाहीस?"

सगळा संघ ऐकत होता. तिने वर पाहिलं आणि बांगलात म्हणाली, "दिदी, आपनि तो बारण कोरेछिलेन." तुम्हीच तर बंदी केली होतीत. आणि मग, फक्त मला ऐकू येईल इतक्या हळू, मराठीत, हाकेचा शब्द तेवढा बांगला, "मी डाकणार होते. पण फायनल होती ना."

तिला जवळ घ्यावं असं फार वाटलं. पण मी बाई होते, मैदान होतं, पंच घड्याळ बघत होते. मी शिट्टी वाजवली.

सामना आम्ही हरलो, एका गड्याने. लपवण्यासारखं त्यात काही नाही. शिबपूरच्या मुली चांगल्या होत्या आणि त्यांनी कुणीही घुगनी खाल्लेली नव्हती. वसूने तिघींना बाद केलं. दीड तास ताठ बसून पाय आखडले नसते तर चौथीही सापडली असती, असं मिठूचं मत. उपविजेत्यांना प्लॅस्टिकच्या साबणदाण्या मिळाल्या, झाकणासहित.

निताई खुर्च्या घेऊन पुलावरून परत गेला. मी म्हटलं, आम्ही लाँचने येतो. घाटाकडे जाणाऱ्या गल्लीत मुली पुढे गेल्या, साबणदाण्या टाळांसारख्या वाजवत. सगळ्यांच्या पुढे वसू, कारण वाट तिलाच माहीत होती. मी मागून चालत होते. पिशवीत हात गेला तर नववं संत्रं तसंच होतं.

मी हाक मारली, "वसू!"

मारल्यावर लक्षात आलं. आठही मुली जागच्या जागी थांबल्या. साबणदाण्या गप्प झाल्या. बसायला जागा कुठे आहे म्हणून त्या इकडेतिकडे बघू लागल्या, आणि एकीने समोरच्या दुकानाच्या पायरीवर टेकायला सुरुवातही केली. पाण्याचा पेला आमच्याकडे नव्हता आणि घाटावर लाँचची घंटा वाजत होती.

वसूने वळून माझ्याकडे पाहिलं. मग त्या पायरीवरच्या मुलीला हात धरून उठवत ती म्हणाली, "चल, बशते होबे ना. मा डेकेछे."

बसायला नको. आईने हाक मारली आहे.

खांतोमाशीच्या निकालाप्रमाणे बाकीच्या आठजणींना बसायला हवं होतं. मिठूने क्षणभर विचार केला आणि ती चालू लागली. तिच्यामागे सगळ्या निघाल्या. मी घाटाच्या पायऱ्यांवर उभी राहून त्यांना एकेक करून लाँचमध्ये चढवलं आणि मोठ्याने मोजलं. सुरुवात वसूपासून केली. नऊ भरल्या.